चिमूटभर गंज

आमच्या तालुक्याच्या नावातच दर्या आहे,
दर्यापूर.
खरा समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस.
विहिरीला मात्र त्याची आठवण आहे :
पाणी तोंडात घेतलं की जीभ आखडते,
डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.
म्हातारे सांगायचे, इथं कधीतरी समुद्र होता,
जाताना मीठ विसरून गेला.

आमची प्रणिता तोच शोधायला गेली, असं मी सांगते.
ती म्हणते, नाही गं, नोकरी आहे, तीन वर्षांची.
जहाजावर बसून झाडं मोजते.
झाडं, पण ना मूळ ना फांदी,
सुईच्या टोकावर गावजेवणाची पंगत बसेल एवढाली.
फोटो पाठवला.
यांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला,
म्हणाले, "हे तं गाडीचं चाक हाय. आरे बी बरोबर.
धाव कोनं चढवली?"
काचेची असते म्हणे ती धाव.
ज्याची त्यानंच चढवायची.

ही झाडं हवेतला धूर खातात,
आणि मेली की खाल्लेलं घेऊन तळाला जातात,
इतकं खोल
की धुराला परत वर यायला शेकडो वर्षं.
सगळी नाही जात. पुष्कळशी वरच्यावरच कुजतात.
हेही तिनंच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.
लपवाछपवी जमत नाही, बापावर गेली.

म्हणाली, काही समुद्रांत सगळं असतं,
ऊन असतं, पाणी असतं,
लोखंड तेवढं नसतं.
कणभर पडलं तरी पाणी हिरवं होतं.
यांचा घण वरच्या वर थांबला.
"कोनतं लोखंड?"
"कोनतंबी, बाबा. गंजबी चालते, विरघळला तं."

मे महिन्यात आली. पारा सेहेचाळीसवर,
ऐरण सावलीतसुद्धा हात लावू देईना.
बॅगेत कपडे कमी, बाटल्या जास्त.
ज्या विहिरीला प्रत्येक पाहुण्यानं नावं ठेवली
तिचं पाणी तिनं गाळलं, उकळलं, निवू दिलं,
वर औषधाचे चार थेंब,
मग तिचं ते न दिसणारं बी.
दोन बाटल्या. एकीत
भात्यासमोरच्या मातीतला चिमूटभर गंज,
लिंबाच्या रसात भिजवून.
लोणच्याचं लिंबू होतं ते. मी ओरडले.

चार दिवस काही नाही.
सहाव्या दिवशी एक बाटली कोऱ्या चहासारखी सोनेरी.
दुसरी होती तशीच.
यांनी ती उन्हासमोर धरली, कितीतरी वेळ.
चाळीस वर्षं या माणसानं
विळ्यांवरून, वखराच्या पासेवरून
गंज घासून घासून काढला.
कुंपणावरून बेबीनंदा : "शेवाळ पाळता का वो आता?"

रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या यांनी विचारलं,
"मंग घमेलंभर टाकून मोकये काऊन नाही होत?"
"समुद्र आपलं वावर नाही, बाबा.
इकडं हिरवं केलं अन् तिकडल्या मासोयीचं खाणं तुटलं तं?
कोनालेच पुरतं मालूम नाही."
"मंग करता कायले?"
"मोजतो. आधी मोजतो."
कोळसा आमच्या घरीही जळतो, रोज दोन घमेली.
ते कुणी काढलं नाही,
पण तिघांच्या बाजांमध्ये ते रात्रभर जागं होतं.

पहाटे जाता जाता म्हणाली,
आपल्या श्वासातला जवळपास अर्धा
त्या झाडांच्या जातगोताचा.
सोळाव्या वर्षापासून मी भाता ओढला, ब्लोअर येईपर्यंत.
एवढा वारा लोटला या हातांनी.
त्यातला अर्धा कुणाचा,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाटल्या इथंच राहिल्या.
सोनेरी हळूहळू तळाशी बसलं, वर पाणी नितळ.
हलवू नको, म्हणाली फोनवर, ते तसंच असतं.

ऐरणीखालचा चुरा मी आता उकिरड्यावर नेत नाही.
तंबाखूच्या डबीत भरते.
कशाला, ते विचारू नका.
काल डबी भरली.
हे दुसरी रिकामी करताहेत,
भराभर.